चतुर्दशीचं सालीट

आमच्या आप्पांना रावसाहेब व्हायचं होतं, म्हणून आमच्या परसात सालीट लावलं गेलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण निपाणीच्या तंबाखूवाल्यांत त्या काळी प्रत्येकाच्या डोक्यात काही ना काही शिजत असायचं, आणि आप्पांच्या डोक्यातलं तर नीट शिजायच्या आधीच घरादाराच्या ताटात वाढलं जायचं. आप्पा म्हणजे माझे वडील. मोठी वखार, बस्तीच्या पंचांत पुढची जागा (जैन मंदिराला आमच्याकडे बस्ती म्हणतात), डोक्याला जरीचा रुमाल, घरी मुनीमहाराजांचा आहार, म्हणजे जेवण, होण्याचा मान. एवढं सगळं असून नावाच्या आधी मात्र सरकारी किताब नाही, हे त्यांच्या मनाला फार लागायचं. चिकोडीकडचा एक कापडवाला रावसाहेब झाल्याची बातमी आली तेव्हा आप्पांनी त्याचं तोंड भरून कौतुक केलं, त्याच्या घरी पेढे पाठवले, आणि मग जेवायला बसून अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, आमटीत मीठ नाही म्हणून फैलावर घेतलं. मीठ होतं.

प्रांतसाहेब गोरा होता आणि दौऱ्यावर आला की गावाबाहेरच्या बंगल्यात उतरायचा. एका मुक्कामात तो म्हणे जेवता जेवता म्हणाला, की या गावात सगळं मिळतं, पण ताटात चावायला एक बरं कच्चं पान मिळत नाही. खरं काय म्हणाला कोण जाणे. ते ऐकलं त्याच्या शिरस्तेदारांनी, आणि आप्पांना सांगताना त्यांनी त्याला चांगला मीठमसाला लावला. साहेबाचा जीव पाल्यावाचून तळमळतो आहे, असंच आप्पांच्या कानावर आलं. रस्ता बांधून, धर्मशाळा बांधून रावसाहेब झालेली माणसं आप्पांना माहीत होती. पण पाल्यावर काम भागत असेल तर शहाण्या माणसानं धर्मशाळा कशाला बांधावी? ते मोटारीनं बेळगावला गेले, खडेबाजारातून चिनी मातीच्या बशा आणि काटे-चमचे घेतले, कॅम्पातल्या एका साहेबी दुकानातून विलायती बियाण्याच्या पुड्या घेतल्या आणि लढाई जिंकल्याच्या थाटात परत आले. एका पुडीवर हिरव्यागार पानांच्या गड्ड्याचं चित्र होतं. शिरस्तेदारांनी त्याचं नाव सालीट सांगितलं, तेव्हापासून घरात ते सालीटच झालं. दुसऱ्या पुडीतलं बी अव्वानं तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, “हे अळीव हाय की वो. बाळंतिणीचं.”

“तू गप बस. ह्ये विलायती हाय,” आप्पा म्हणाले.

“मग विलायतेतल्या बाळंतिणीचं असंल,” असं म्हणून अव्वानं ते बी परत पुडीत घातलं आणि ती भाकऱ्या थापायला निघून गेली.

गंमत अशी, की कच्चा पाला ही आमच्या घरात मुळीच नवलाची गोष्ट नव्हती. थंडी पडली की ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर कोवळी मेथी, पाथरीची पानं, हरभऱ्याचे शेंडे हे सगळं आम्ही कच्चंच खायचो. बाजूला शेंगदाण्याची चटणी, त्यावर तेलाची धार, आणि असलाच तर दह्याचा गोळा. अव्वा भाकरी चुलीच्या कडेला उभी करायची, ती टम्म फुगली की आम्ही पोरं तिच्यावर तुटून पडायचो. पाथरी थोडी कडसर लागते, पण थंडीच्या सकाळी ती भाकरीच्या घासात अशी बसते की तिच्याशिवाय घास पुरा होत नाही. हाच पाला बशीत रचून साहेबापुढं ठेवला असता तर त्याला काहीही कळलं नसतं आणि आमच्या घरातलं पुढचं रामायणही टळलं असतं. पण पाथरी बांधावर फुकट उगवते. जे फुकट उगवतं ते साहेबाला कसं वाढायचं, हा आप्पांचा प्रश्न होता. आज पुण्याला नातसुनेच्या घरी फ्रीज उघडते तेव्हा प्लास्टिकच्या डबीत तेच सालीट, तिच्या भाषेत लेट्यूस, आडवं पडलेलं दिसतं. तिला मी विचारलं, याला चव कशाची गं? ती म्हणाली, आजी, ते चवीसाठी नसतं. मला आप्पांची आठवण झाली. त्यांनाही ते चवीसाठी नकोच होतं.

सालीट लावायचं काम आक्काकडे आलं, कारण आमच्या घरात जे काम कुणालाच येत नसे ते आक्काकडे यायचं. आक्का म्हणजे पद्मा, आप्पांची सगळ्यांत धाकटी बहीण. सगळं घर तिला आक्काच म्हणायचं, म्हणून मीही. लग्न म्हणजे काय ते कळायच्या आत तिचं लग्न झालं होतं आणि ते कळायच्या आतच नवरा गेला होता. ती माहेरी परत आली त्या वर्षी मोठ्या माणसांनी तिला बस्तीत नेलं, हात जोडायला सांगितले, आणि तिला व्रतं दिली. त्यांत एक व्रत हिरव्याच्या त्यागाचं होतं. आमच्यात अष्टमी-चतुर्दशीला कुणीच हिरवं खात नाही, तोडतही नाही. मी आजही खात नाही, तेव्हा कुणी माझ्याबद्दल भलता समज करून घेऊ नये. पण आक्काचा त्याग जन्माचा होता. मेथी नाही, पाथरी नाही, कोथिंबिरीचं पानसुद्धा नाही. घरात सगळ्यांसाठी भाजी निवडायची ती, धुवायची ती, आणि जेवायला बसायची डाळीवर. विधवेच्या वाट्याला जे जे सोडणं येतं ते घरचे लोक फार मोठ्या मनानं सोडायला लावतात, हे मला पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की आक्काच्या ताटात रंग नसतो.

आक्काला शिकायचं होतं. बस्तीतल्या पोथ्या बघून बघून ती वाचायला आपली आपणच शिकली होती. एकदा लांबच्या एका शहरातल्या श्राविकाश्रमातून एक बाई प्रवचनाला आल्या. डोक्यावर पदर, पायांत चपला, आणि बोलणं असं की पंचमंडळीसुद्धा सुपारी कातरायची थांबली. तिकडे विधवा बायका शिकतात, धर्म शिकतात, लिहिणं-हिशेब शिकतात, पुढं शाळेत मास्तरणी होतात, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून आक्काच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आप्पा दर वेळी वेगळं कारण काढायचे. लोक म्हणतील बहिणीला दोन घास घालवेनात. सोवळ्यातला स्वयंपाक कोण करणार? महाराजांच्या आहाराचं कोण बघणार? सगळ्यांत शेवटचं कारण खरं असायचं, म्हणून ते सगळ्यांत शेवटी यायचं. मी आक्काजवळ झोपायचे, तिच्या लुगड्याला कापराचा वास यायचा. ती जाऊ नये असं मला फार वाटायचं आणि तिचं मनासारखं व्हावं असंही वाटायचं. ह्या दोन्ही गोष्टी एकदम होणार नाहीत हे कळण्याइतकी मी मोठी झाले होते.

आप्पांनी बियाण्याच्या पुड्या तिच्यापुढं ठेवल्या तेव्हा आक्कानं त्या उचलल्या नाहीत.

“अण्णा, हे मी करतो. पर सालीट जमलं तर मला आश्रमात धाडणार काय?” (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना करतो, जातो असंच म्हणतात. नातसुनेला त्याचं अजून हसू येतं.)

आप्पांनी कोटाची बटणं चाचपली. दारात शिरस्तेदार उभे होते, त्यांच्यादेखत बहिणीला नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. “सायबाच्या पोटात माझ्या परसातलं पान जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तुला मोटारीत बसवतो. झालं?”

“पान पोटात गेलं की?”

“गेलं की. शबुद दिला.”

दिवाळी सरल्यावर आक्कानं परसात न्हाणीघराच्या पलीकडं वाफा केला. काळी माती चाळून घेतली, तीत शेणखत मिसळलं, बी राखेत कालवून पेरलं आणि वर बांबूची तट्टी उभी केली. पाणी घालायचं ते गाळून. आमच्या घरी प्यायचं पाणी तर गाळून असायचंच, पण झाडाला घालायचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळणारी बाई मी तेवढी एकच पाहिली. अळिवाचं बी लगेच उगवून आलं आणि अव्वानं आप्पांकडे बघून भुवया उडवल्या. सालीट मात्र आपल्या ऐटीत आलं. आधी नखाएवढी पानं, मग थंडी वाढत गेली तशी ती पसरत गेली. पहाटेचं धुकं, पानांवर दव, आणि पलीकडं वखारीत बायका तंबाखू बडवताहेत त्याचा धप्प-धप्प आवाज. त्या दिवसांत निपाणीत पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग रामराम करायचा. आम्हाला त्या वासाचं काही वाटत नसे.

पुढं सालिटावर अळ्या पडल्या. वखारीतल्या गड्यानं सांगितलं, तंबाखूचं पाणी मारा, एक अळी जिवंत राहायची नाही. आप्पांनी कानांवर हात ठेवले. आपल्या घरात जीवहिंसा? ज्यांच्या तंबाखूनं मुलुखातली माणसं खोकून खोकून अर्धी झाली होती, त्या आप्पांच्या परसात अळी मात्र मरू शकत नव्हती. तेव्हा आक्का रोज उन्हं वर यायच्या आत एकेक अळी एरंडाच्या पानावर अलगद घ्यायची आणि कुंपणापाशी नेऊन सोडायची. तिथनं त्या परत यायच्या. ती परत नेऊन सोडायची. एवढ्या अळ्या वागवून शेवटी जे सालीट आलं ते बघण्यासारखं होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पोपटी, कुरळं, हात लावला तर गार. त्यातली चांगली रोपं तिनं आधीच कुंड्यांत लावली होती, आणि त्या कुंड्या आप्पांनी पुढच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, ओळीनं मांडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सालीट दाखवायचे आणि आवाज खाली आणून सांगायचे, “सायबासाठी हाय.” लोकही मान डोलवायचे. एका म्हाताऱ्या पंचानं विचारलं, कशावर औषध म्हणून देतात हे? आप्पा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

साहेबाचं जेवण आमच्या घरी ठरलं, आणि ठरलेला दिवस उजाडायच्या आधी शिरस्तेदारांचा शिपाई धापा टाकत आला. साहेबाला कुठंतरी दुसरीकडं जायचं होतं, म्हणून त्यानं निपाणी पुढं ढकलली होती. नवीन दिवस शिपायानं सांगितला तसा आप्पांनी आनंदानं रुमाल डोक्यावर चढवला. अव्वा आतून पंचांग घेऊन आली. ती एका तिथीवर बोट ठेवून उभी राहिली. आप्पांनी वाकून बघितलं आणि रुमाल काढून ठेवला. त्या दिवशी चतुर्दशी होती.

साहेबाला पुन्हा दिवस बदला म्हणून कोण सांगणार? आणि चतुर्दशीला बस्तीच्या पंचाच्या घरी हिरवं कोण तोडणार? आप्पांनी आमच्या उपाध्यांना बोलावणं धाडलं. उपाध्ये म्हणजे बस्तीतले पुजारी, शांत, हडकुळे, कमी बोलणारे. आप्पांनी एकामागून एक युक्त्या काढल्या आणि उपाध्यांनी त्या एकामागून एक मोडल्या. आदल्या दिवशी तोडून ठेवू? रात्रभर ठेवलेल्या पाल्यात जीव पडतात. वखारीतल्या गड्याकडून तोडून घेऊ, तो काही आपल्यातला नाही? स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि करणाऱ्याला बरं म्हणणं, या तिन्हींचा दोष सारखाच. आप्पा घामाघूम झाले. रागावले की ते कानडीत शिरायचे आणि उपाध्यांपुढं रागावायची सोय नव्हती, म्हणून ते नुसते कानडीत पुटपुटत येरझारा घालू लागले. मग एकदम थांबले.

“समजा, सायबापुढं कुंडीच ठेवली. बाजूला कात्री ठेवली. त्येनं आपल्या मनानं कापून खाल्लं. मग?”

उपाध्यांनी बोट वर केलं. “तुमी त्येला काप म्हणायचं न्हाई.”

“न्हाई म्हणत.”

“खुणावायचं न्हाई.”

“न्हाई खुणावत.”

“आणि तो कापताना बघून बरं वाटून घ्यायचं न्हाई.”

हे शेवटचं आप्पांना अवघड होतं, कारण साहेबानं कापलं तर त्यांना बरं वाटणारच होतं. पण त्यावरही त्यांनी तोड काढली. बघितलंच नाही तर बरं वाटायचं कसं? साहेबानं कात्रीला हात घातला की पंक्तीतल्या सगळ्यांनी तोंड फिरवायचं, असं ठरलं. आपण केवढं मोठं काम केलं या समाधानात आप्पा त्या दिवशी लवकर जेवले. आक्का माजघरात भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होती. “खाईल काय गं तो, तारे?” तिनं मला विचारलं. मी म्हटलं, खाईल. मला काय माहीत असणार?

चतुर्दशीला दुपारी साहेब आला. उंच, तांबडा, थंडीतही घामेजलेला. सोप्यावर टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर, खडेबाजारच्या बशा, आणि मधोमध सालिटाच्या तीन कुंड्या. त्यांना आक्कानं गेरू लावला होता. कात्री अव्वाच्या शिवणाची. साहेबासमोर आप्पा, बाजूला शिरस्तेदार, पलीकडं खाली पाटांवर पंचमंडळी आणि उपाध्ये. आम्ही बायका-पोरं माजघराच्या दाराआड. साहेबानं पुरणपोळी खाल्ली, कटाची आमटी खाल्ली आणि नाक पुसलं. मग त्याची नजर कुंड्यांकडे गेली. चेहरा उजळला. तो काहीतरी म्हणाला, आणि शिरस्तेदार म्हणाले, “साहेब म्हणताहेत, सालीट फार सुंदर आलं आहे.” माझ्या शेजारी आक्का दाराच्या फटीला डोळा लावून उभी होती. साहेबानं कात्री उचलली.

सगळ्या पंचांनी एका क्षणात तोंडं भिंतीकडे फिरवली. आप्पांनी डोळे घट्ट मिटले आणि वर छताकडे मान केली. साहेबाचा हात हवेत थांबला. त्यानं इकडं-तिकडं बघितलं आणि कात्री खाली ठेवली. ठेवल्याचा आवाज होताच सगळे पुन्हा त्याच्याकडे वळले आणि हसले. साहेबही हसला, जरा बिचकत. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा कात्रीला हात लावला. पुन्हा सगळे रुमाल भिंतीकडे. त्यानं हात मागं घेतला. रुमाल परत. मला वाटतं साहेबानं ते तिसऱ्यांदा नुसतं बघण्यासाठी करून पाहिलं. मग तो गंभीर झाला आणि वाकून शिरस्तेदारांच्या कानाशी लागला. शिरस्तेदारांना आतलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, “आप्पासाहेब, साहेब विचारताहेत, हे झाड तुमच्या देवाचं आहे का?”

नाही म्हटलं असतं तर साहेबानं विचारलं असतं, मग माना का फिरवता? चतुर्दशी सांगितली असती तर कुंडी का ठेवली ते सांगावं लागलं असतं. कापा म्हणायची तर सोयच नव्हती. आप्पांना इंग्रजीतले दोनच शब्द पक्के येत होते, आणि त्यांनी ते दोन्ही वापरले.

“यस सर.”

साहेब खुर्चीवरून उठला. टोपी आधीच काढलेली होती, म्हणून त्यानं केसांवरून हात फिरवला, आणि मोठ्या आदरानं दोन्ही हात जोडून आमच्या सालिटाला नमस्कार केला. साहेबच उभा राहिला म्हणून शिरस्तेदारही उठले आणि त्यांनीही केला. मग साहेब सुपारी खाऊन, जरीचे हारतुरे घेऊन निघून गेला. सालिटाचं एक पानही तुटलं नव्हतं.

मोटारीची धूळ खाली बसली तशी पंचमंडळी पाय मोकळे करून सोप्यावर ऐसपैस बसली. कुणी म्हणालं, साहेब धार्मिक दिसतो. आप्पांनाही हळूहळू ते पटायला लागलं, आणि ते अंगावर चढत गेलं. आपल्या घरी येऊन गोरा साहेब हात जोडतो म्हणजे काय! तेवढ्यात आक्का माजघराच्या उंबऱ्यावर आली. पंचांसमोर ती कधी यायची नाही.

“अण्णा, मग मी कवा जाऊ?”

“कुठं?” आप्पांना खरंच आठवलं नव्हतं. आठवलं तसे ते हसले. “खाल्लं कुठं त्येनं? पोटात गेलं तर, असं ठरलं होतं. पंच बसल्यात, इचार. शबुद म्हंजे शबुद.”

पंचांनी माना डोलावल्या. शब्द म्हणजे शब्द. मला तेव्हा आप्पांचा असा राग आला की मी दाराची कडी हातात घट्ट धरून उभी राहिले. आक्का उंबरा ओलांडून टेबलापाशी गेली, कुंडीतलं एक पान तिनं बोटांनी मोडलं आणि तोंडात घातलं. कात्रीला हातसुद्धा लावला नाही. ती सावकाश चावत होती. दुसरं पान मोडलं. तिसरं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खात होती, भर दुपारी, चतुर्दशीला, सगळ्या पंचांदेखत, जन्माच्या त्यागाचं हिरवं. आप्पा उठले, पण त्यांच्या तोंडून ना मराठी फुटली, ना कानडी.

एक कुंडी संपल्यावर आक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि उपाध्यांपुढं खाली बसली.

“माझं व्रत मोडलं. प्रायश्चित्त द्या.”

उपाध्ये म्हणाले, “उपास कर, पद्मा. जप कर.”

“करतो. पर पुन्हा मोडलं तर? व्रत म्हंजे काय, ते का करायचं, हे मला कुणी शिकवलंच न्हाई. ल्हान होतो, हात जोड म्हणाले, जोडले. तिकडं आश्रमात ते शिकवत्यात.”

उपाध्यांनी तिच्याकडे बघितलं, मग कुंडीकडे, मग आप्पांकडे. त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओठांवर धरलं, आणि ते थोडा वेळ तिथंच राहिलं. “आप्पासाहेब,” ते शेवटी म्हणाले, “पोरीचं बरोबर हाय. पुरतं शिकून येईपर्यंत हिच्या हातचं सोवळ्यात चालायचं न्हाई. आणि ही घरात असताना महाराजांचा आहार या घरी कसा काय व्हायचा?” रावसाहेब झालेल्या त्या कापडवाल्याच्या नात्यातले एक पंच होते, ते लगेच म्हणाले, आहाराची काळजी नको, आमचं घर आहे की. त्यावर आप्पांनी डोक्यावरचा रुमाल काढला. साहेबाचा मान गेला तो गेला, आता महाराजांचाही चालला होता. “धाडा,” ते म्हणाले. “धाडा तिला. एकदाची शिकून येऊ दे.”

त्या रात्री तिच्या कुशीत पडून मी विचारलं, कसं लागलं गं? ती म्हणाली, “चव न्हाई त्येला, तारे. पाण्यागत लागतंय.” आणि तोंडात पदर कोंबून ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. मग मी रडायला लागले, आणि ती मला थोपटत राहिली.

आप्पांनी तिला मोटार-स्टँडवर स्वतः पोचवलं. मी हट्ट करून बरोबर गेले होते. वाटेत त्यांनी तिला चार-चारदा पढवलं, की कुणी विचारलं तर प्रायश्चित्ताला चाललेय म्हणायचं, दुसरं काही बोलायचं नाही. तेवढ्यानं अब्रू राहते. आक्का मान हलवत होती. मोटार भरत आली होती. तंबाखूची बोचकी टपावर चढत होती, कुणी शिंकत होतं, क्लीनर बोंबलत होता. आक्का आत खिडकीशी जाऊन बसली. तिच्या शेजारी एक ओळखीची म्हातारी होती, तिनं आक्काचा मळकट पांढरा पदर न्याहाळला आणि विचारलं, “एकलीच कुठं चाललीस गं बाई?”

आप्पा खिडकीखालीच उभे होते. आक्कानं एकदा त्यांच्याकडे बघितलं.

“शिकायला,” ती म्हणाली. इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.